सगळे रिपोर्ट नॉर्मल, तरी भोवळ आणि सूज. कुणाला असा अनुभव?

कृष्णाकाठची | १२ जानेवारी, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. सहा वर्षं इथे नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

वय ४९. कराडला असते, पतसंस्थेत कॅशला बसते. जूनपासून भोवळ सुरू झाली. तिजोरीचा खालचा कप्पा वाकून उघडला आणि उभी राहिले की काउंटरची काच, पलीकडची माणसं, सगळं क्षणभर मागे सरकतं. मग दिवसभर होडीत बसल्यासारखं वाटत राहतं. पडले अशी एकदाच, तीही घरात तांदळाच्या पोत्यावर, म्हणून लागलं नाही.

दुसरं म्हणजे सूज. सकाळी पाय बरे असतात. दुपारी चारनंतर घोट्याशी अंगठा दाबला तर खड्डा पडतो आणि मनात दहा आकडे मोजले तरी भरत नाही. जोडवी इतकी रुतली की नोव्हेंबरात सोनाराकडे कातरून घ्यावी लागली.

रक्त, थायरॉइड, किडनी, लिव्हर, लघवीतलं प्रोटीन, ईसीजी, टूडी एको, मानेचा एमआरआय, कानाची ऑडिओमेट्री, सगळं झालं. साताऱ्याचे दोन डॉक्टर, पुण्याचे एक. सगळं नॉर्मल. पुण्याच्या डॉक्टरांनी फाइल मिटली आणि म्हणाले, "तुम्हाला काहीही झालेलं नाही, आनंदात राहा." ती फाइल काखेत घेऊन मी लिफ्टपर्यंत भिंत धरत गेले.

घरात म्हणतात, रिपोर्ट चांगले आले तर पेढे वाटायचे, तू रडतेस काय! सासूबाईंनी तीनदा मीठमोहरी उतरवून टाकली. तुमच्यापैकी कुणाला असं झालंय का? पुढे काय केलंत? आणि हे खरंच मनाचे खेळ असू शकतात का?

---

सुगरणीचा_खोपा | रात्री १०.५२

ताई, पित्त आहे. रोज सकाळी मोरावळा खा, जागरण बंद. माझी भोवळ पंधरा दिवसांत गेली.

---

खुसपट | रात्री ११.०५

मला भोवळ तपासण्यांचं बिल बघितल्यावर येते. बिल मात्र कधीच नॉर्मल येत नाही.

---

औषधवाला | रात्री ११.२०

ताई, सध्या गोळ्या कोणकोणत्या चालू आहेत? मिलिग्रॅमसकट लिहा.

---

निवांत_नाना | १३ जानेवारी, सकाळी ६.१५

मनाचे खेळ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. मला २०१९ साली असंच झालं होतं. पहाटे कूस बदलली आणि पंखा, छत, कपाट सगळं गरगर फिरायला लागलं. अर्ध्या मिनिटात थांबलं. दांडीवर कपडे टाकायला मान वर केली की परत तेच. मानेचा एक्सरे काढला, मणक्याची झीज निघाली. (साठीनंतर कुणाच्या मानेचा फोटो काढा, झीज निघतेच.) दीड वर्ष गळ्यात पट्टा घालून फिरलो. नातवंडं जिराफ आजोबा म्हणायची.

शेवटी एका कानाच्या डॉक्टरांनी पलंगावर बसवलं, मान उजवीकडे वळवली आणि धाडकन मागे झोपवलं. मी त्यांचा हात घट्ट धरून ओरडलो. ते शांतपणे माझ्या डोळ्यांत बघत होते. म्हणाले, "बुबुळं नाचतायत, सापडलं." आतल्या कानात तोल सांभाळणारे कॅल्शियमचे बारीक खडे असतात, ते जागा सोडून अर्धवर्तुळाकार नळीत जाऊन पडतात. डोकं एका ठरावीक क्रमाने वळवून ते परत जागेवर न्यायचे. एप्ली म्हणतात त्या प्रकाराला. पाच मिनिटांचं काम. औषध शून्य. या आजाराचं नाव बीपीपीव्ही. तो एमआरआयमध्ये दिसत नाही आणि रक्तातही नाही.

---

टकुरं | सकाळी ८.३०

नानांना +१. पण धागाकर्तीला गरगरत नाहीये, होडीत बसल्यासारखं होतंय. दोन्ही वेगळं.

---

खेड्यातला_डॉक्टर | सकाळी ९.१०

टकुरं यांनी नेमकं पकडलं. इथे निदान करणार नाही, पण एक सांगतो. पेशंट "चक्कर येते" म्हणतो तेव्हा मी आधी विचारतो, म्हणजे काय होतं? मराठीत शब्द किती आहेत बघा. गरगरतं, म्हणजे खोली फिरते, तेव्हा बहुतेक वेळा कानाचं काम. अंधारी येते, डोळ्यांपुढे काळं होतं, ते रक्तदाबाचं किंवा हृदयाचं. तोल जातो पण डोकं साफ असतं, तेव्हा पाय, नसा, बी१२ बघायचं. आणि हेलकावे, डोकं तरंगल्यासारखं, त्याचा वेगळाच गट. फक्त या शब्दांवर पैज लावू नये, माणसं घाबरली की काहीही सांगतात. म्हणून कधी येते, किती वेळ राहते, काय केल्यावर वाढते, हे जास्त कामाचं.

ताई, वाकून उठल्यावर होतं म्हणता. कुणी तुमचं बीपी उभं करून मोजलंय का? पाच मिनिटं आडवं पडायचं, बीपी घ्यायचं. मग उभं राहून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी परत. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर रिपोर्ट नॉर्मल असले तरी तुमचं डोकं खोटं बोलत नाहीये.

आणि सगळ्यांसाठी: चक्कर येताना बोबडी वळणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, एकाचे दोन दिसणं, छातीत दुखणं, किंवा एकाच पायाला अचानक सूज येऊन पोटरी दुखणं, दम लागणं, यातलं काहीही झालं तर धाग्यावर लिहू नका. १०८ लावा.

---

वऱ्हाडी_ठेचा | सकाळी ९.४०

आमच्याकडे माय म्हणे, "डोकं गरगर करून राह्यलं." डॉक्टरसाहेब लगेच समजून जात. पुण्यात गेली तर तिथे तिने शुद्ध भाषेत "मला अस्वस्थ वाटते" सांगितलं आणि तिला झोपेची गोळी मिळाली. शुद्ध भाषेचे दुष्परिणाम.

---

वाहक_३२ | सकाळी ११.००

सुजेबद्दल बोलतो. बावीस वर्षं एसटीत कंडक्टर, म्हणजे बावीस वर्षं उभ्याने. ड्युटी संपताना बुटाची नाडी सोडली की मोज्याचा वळ पायात बोटभर खोल. किडनी ठीक, हार्ट ठीक. पायाचा डॉप्लरही (शिरांतलं रक्त कसं वाहतं ते दाखवणारी सोनोग्राफी) केला, नॉर्मल आला. तो झोपवून केला होता. दुसऱ्या डॉक्टरांनी उभं करून केला तेव्हा शिरांच्या झडपा गळताना दिसल्या, रक्त वर जायचं सोडून खाली परत येत होतं. आता घट्ट मोजे घालतो, २०–३० दाबाचे. सकाळी पलंगावरून उतरायच्या आधी घालायचे, नाहीतर उपयोग नाही. पायाचा रक्तपुरवठा तपासल्याशिवाय घालू नका, असं मला बजावलं होतं.

उन्हाळ्यात मात्र ते मोजे म्हणजे जिवंतपणी नरक.

---

सुगरणीचा_खोपा | सकाळी ११.२०

सुजेवर पुनर्नवा. आमच्याकडे घेटुळीची भाजी म्हणतात. लघवी मोकळी होते.

---

टकुरं | सकाळी ११.४५

जिचं बीपी उतरत असेल तिला लघवी मोकळी करायची भाजी? आधी कारण तर कळू द्या.

---

सुगरणीचा_खोपा | दुपारी १२.०२

माझ्या आजीने नव्वद वर्षं काढली त्या भाजीवर. तुमच्या गोळ्यांनी किती काढली?

---

खुसपट | दुपारी १२.१०

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. मीठ कमी टाका, सूज येते.

---

संपादक_मंडळ | दुपारी १२.४५

पॅथींच्या भांडणाचे चार प्रतिसाद उडवले आहेत. त्यासाठी वेगळा धागा काढा, निदान इथे धागाकर्तीला श्वास घेऊ द्या.

---

लेकीची_आई | दुपारी २.३०

मिठावरून आठवलं. माझी मुलगी १९ वर्षांची, कॉलेजच्या रांगेत उभी राहिली की घामाघूम, छातीत धडधड, पडायची. सगळे म्हणाले डाएट करते म्हणून. बीपी उतरायचं नाही, पण उभं राहिल्यावर दहा मिनिटांच्या आत ठोके चाळीसहून जास्त वाढायचे. पॉट्स म्हणतात त्याला. तिला डॉक्टरांनी मीठ वाढवायला सांगितलं आणि दिवसाला अडीच लिटर पाणी. सूज असलेल्याला कमी, हिला जास्त. घरात दोन बरण्या ठेवल्यात, एक तिची, एक माझ्या बीपीवाल्या नवऱ्याची. पाहुण्यांना वाटतं आम्ही वेगळे निघालोय.

"मनाचे खेळ" हे तिलाही ऐकवलं होतं. ती निमूट मान हलवायची. तिचं ते मान हलवणं आठवलं की अजून पोटात तुटतं.

---

औषधवाला | दुपारी ४.१५

तिसऱ्यांदा विचारायला लावू नका ताई. गोळ्या?

---

कृष्णाकाठची | रात्री ९.५०

सगळ्यांचे खूप आभार. दिवसभर कॅश जुळेना म्हणून उत्तर द्यायला उशीर. औषधवाला, गोळ्या काही खास नाहीत हो, नेहमीच्याच. बीपीची एक आणि हाताला मुंग्या यायच्या त्यासाठी व्हिटॅमिनची एक. भोवळीची लागेल तशी.

---

औषधवाला | रात्री ९.५८

"नेहमीच्याच" नावाची गोळी तीस वर्षांत माझ्या दुकानात आलेली नाही. पाकीट उलटं करा आणि मागचं बारीक अक्षर वाचून लिहा.

---

कृष्णाकाठची | रात्री १०.२०

चष्मा आणि मोबाइलचा उजेड घेऊन वाचलं. बीपीची: अम्लोडिपिन १०. आधी ५ होती, मे महिन्यात वाढवली. मुंग्यांची: प्रीगॅबालिन ७५ आणि मिथाइलकोबालामिन, रात्री एक, हाडांच्या डॉक्टरांनी दिलेली, जूनमध्ये. भोवळीची: प्रोक्लोरपेराझिन. ती हल्ली रोजच घेते. प्रत्येक डॉक्टरांनी "काही गोळ्या?" विचारलं होतं, मी बीपीची म्हटलं की ते पुढे जायचे.

---

औषधवाला | रात्री १०.३१

मे आणि जून. तुम्हीच लिहिलंय वर, "जूनपासून".

अम्लोडिपिनने घोटे सुजतात. डोस वाढला की सूज वाढते, बायकांना जास्त. ती किडनीची नाही की हृदयाची नाही, म्हणून त्या रिपोर्टांत कुठून दिसणार? ज्याला तुम्ही व्हिटॅमिन म्हणताय त्यातलं प्रीगॅबालिन हे व्हिटॅमिन नाही, नसांचं औषध आहे. गुंगी, भोवळ आणि पायाला सूज, तिन्ही त्याच्या कागदावर छापलेलं आहे. दोन्ही एकत्र म्हणजे सुजेला दोन दारं.

उद्यापासून बंद करू नका!! प्रीगॅबालिन एकदम सोडायची नसते, बीपीची तर नाहीच. तीनही पाकिटं पिशवीत घाला आणि एकाच डॉक्टरासमोर टेबलावर ओता.

---

खेड्यातला_डॉक्टर | रात्री १०.४५

अनुमोदन. प्रोक्लोरपेराझिनबद्दल: उलट्या आणि गरगर जोरात असेल तेव्हा दोनचार दिवस छान काम करते. महिनोन्महिने रोज घेतली तर मेंदूला नवा तोल शिकू देत नाही, आणि वयस्कर माणसांत कंपवातासारखी थरथर आणू शकते.

---

थेम्सकाठी | रात्री ११.३०

आईचं सांगते, ती सांगलीला, मी इकडे. अम्लोडिपिनने पाय सुजले. सुजेवर लघवीची गोळी दिली. त्या सुजेवर तिचा फार उपयोग होत नाही हे मला नंतर कळलं. अंगातलं पाणी मात्र उतरलं, उठताना घेरी यायला लागली. घेरीवर बीटाहिस्टिन. त्याने पोटात जळजळ, त्यावर अॅसिडिटीची. व्हिडिओ कॉलवर तिने पोळपाटावर गोळ्या मांडून दाखवल्या तर रांगोळी झाली होती. चौघांपैकी प्रत्येक डॉक्टर आपापल्या जागी बरोबर होता. मागची गोळी कुणी बघितली नाही, एवढंच. पहिली बदलल्यावर बाकीच्या तीन आपोआप गळाल्या.

---

टकुरं | १४ जानेवारी, सकाळी ७.५०

विरोधी सूर लावतो. सगळं गोळ्यांवर ढकलणं हेही "सगळं मनावर" ढकलण्यासारखंच सोपं आहे. ताई, मेच्या आधी सूज अजिबात नव्हती? लग्नाबिग्नाचे फोटो काढून पायांकडे बघा.

---

कृष्णाकाठची | दुपारी १.३०

टकुरं, तुम्ही डिटेक्टिव्ह आहात का? फेब्रुवारीत भाचीचं लग्न होतं. विहिणींच्या पंगतीत मी वाढतेय, त्या फोटोत चपलेच्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंनी पाय वर आलेला दिसतोय. म्हणजे थोडी होती. जोडवी मात्र तेव्हा सैल होती, फोटोत वळलेली दिसतायत.

शेजारच्या काकांच्या मशिनवर बीपी मोजलं. आडवी पडून १३८/८४. उभी राहून एका मिनिटाने ११६/७४. तीन मिनिटांनी ११२/७२. मशिनचा पट्टा दंडावर असताना मला तेच झालं, काच मागे सरकल्यासारखं. काका म्हणाले मशिन बिघडलंय. दुसऱ्यांदा मोजलं, तेच.

हसू नका, पण मला तो आकडा बघून रडू आलं. आनंदाने.

---

लेकीची_आई | दुपारी १.४०

कुणी हसत नाहीये.

---

निवांत_नाना | दुपारी २.१०

तिळगूळ घ्या. आणि उठताना आधी पलंगाच्या कडेला बसून पावलं खालीवर हलवा, मग उठा. मी अजून करतो.

---

वऱ्हाडी_ठेचा | दुपारी ३.००

म्हणजे आनंदी राहा म्हटलं तेव्हा रडल्या, आणि बीपी उतरलं तेव्हा आनंद. डॉक्टरसाहेबांचंच चुकलं, आकडा देऊन आनंदी राहा म्हणायला पाहिजे होतं.

---

कृष्णाकाठची | ९ मार्च, रात्री १०.१५

धागा वर काढतेय. बरेच जण व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारत होते.

पिशवी टेबलावर ओतली. कराडमधलेच एक फिजिशियन, आधीच्या तिघांपैकी नाहीत. त्यांनी पाकिटं तारखेप्रमाणे रांगेत लावली आणि मग माझ्याकडे बघितलं. बीपीची गोळी बदलली, प्रीगॅबालिन टप्प्याटप्प्याने कमी करून थांबवली. मुंग्यांचं कारण मनगटात निघालं, नोटा मोजून मोजून. रात्री पट्टी बांधते.

सूज: बारा आणे गेली. उरलेली चार आणे टकुरं यांच्या फोटोतली. ती बहुतेक शिरांची, वाहक_३२ म्हणाले तो उभ्याचा डॉप्लर पुढच्या महिन्यात आहे. उठताना बीपी आता आठदहानेच उतरतं, आणि काच मागे सरकायची थांबली.

पण होडी गेलेली नाही. कमी झाली, गेली नाही. मॉलमध्ये दोन्ही बाजूंना रॅक आणि वर ट्यूबलाइट असले की ट्रॉली सोडवत नाही. कानाच्या डॉक्टरांनी नाव सांगितलं, पीपीपीडी. पहिल्या भोवळीच्या भीतीने मेंदू डोळ्यांवर जास्त विसंबायला लागतो आणि मूळ कारण गेलं तरी ती सवय राहते. म्हणजे एका अर्थी "मेंदूचं" आहे, पण "मनाचे खेळ" नाही. यातला फरक मी सासूबाईंना समजावून सांगितला. त्या म्हणाल्या, मग मीठमोहरीने थोडं तरी गेलं की नाही?

व्यायाम दिलेत: भिंतीवर चिकटवलेल्या टिकलीकडे नजर ठेवून मान डावीकडे-उजवीकडे हलवायची, दिवसातून तीनदा. पहिले आठ दिवस मळमळायचं. आता मिनिटभर जमतं.

---

खेड्यातला_डॉक्टर | रात्री १०.४०

व्यवस्थित चाललंय. टिकलीचा व्यायाम सोडू नका, आठवड्यांचं नाही, महिन्यांचं काम आहे. त्या आजाराचे निकषही २०१७ मध्ये पक्के झाले, त्यामुळे आधीच्या डॉक्टरांवर फार राग धरू नका.

---

थेम्सकाठी | रात्री ११.००

राग थोडा धरा.

---

औषधवाला | १० मार्च, सकाळी १०.०५

पाकिटाचा मागचा फोटो मोबाइलमध्ये ठेवला का?

---

कृष्णाकाठची | सकाळी १०.२०

ठेवला. वॉलपेपरच केलाय, यजमान म्हणतात देवाचा फोटो काढून हा कुठला लावलास. काल कातरलेली जोडवी घेऊन सोनाराकडे गेले होते. तो म्हणाला मोडीत घेऊ का, नवीन देतो. मी म्हटलं जोडून द्या, माप तेच ठेवा.

---

खुसपट | सकाळी १०.२४

चांदीचा भाव बघता योग्य निर्णय.